लपलेल्या पाण्याचे पुस्तक

पाणी म्हटले की कवीने डोळ्यांतले नाहीतर ढगांतले पाणी आणायचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मात्र मी जमिनीखालच्या पाण्याविषयी बोलणार आहे, आणि तेही एका जुन्या पुस्तकाच्या निमित्ताने.

अल-करजी हा मुळात गणिती. बगदादमध्ये राहून त्याने बीजगणितावर ग्रंथ लिहिले, नाव कमावले. पुढे राजधानी सोडून तो इराणच्या डोंगराळ मुलखात गेला आणि इ. स. १०१७ च्या सुमारास त्याने अरबीत एक वेगळेच पुस्तक लिहिले. घरात उर्दू असल्याने त्याचे नाव मला लगेच उलगडले : 'इन्बातुल मियाहिल खफिय्या', म्हणजे लपलेले पाणी वर काढणे. कोणत्या खुणांवरून पाणी ओळखावे, भुयाराला उतार किती द्यावा, तो मोजायची उपकरणे कशी करावीत, हे सारे त्यात आहे. एका विहिरीपासून दुसरी किती अंतरावर असावी, याचीही त्यात चर्चा आहे. जुन्या विहिरीभोवतीच्या या राखीव जागेला 'हरीम' म्हणतात. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा केला, तेव्हा सार्वजनिक पाणीस्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घ्यायला बंदी घातली. पावणेदहाशे वर्षांनी आपण तिथेच आलो की नाही?

हे पुस्तक १९४० साली छापले गेले ते आपल्या दख्खनमध्ये, हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेत. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. ज्या विद्येचे हे पुस्तक, तिचे काम मराठवाड्यात त्याआधी सव्वातीनशे वर्षे चालू होते, हे मला विशेष वाटते. मलिक अंबरने खडकी वसवली, ती पुढे औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. त्या गावाला त्याने नहर-ए-अंबरीने पाणी आणले. उत्तरेकडच्या खोऱ्यात जमिनीखाली झिरपलेले पाणी गोळा करायचे आणि केवळ उताराच्या बळावर गावात आणायचे, अशी ही योजना. ना मोट, ना पंप. मलिक अंबरने करजी वाचला होता, असे मी म्हणत नाही. अशी विद्या पुस्तकापेक्षा खोदणाऱ्यांच्या हातांतून जास्त प्रवास करते.

त्याच काळात तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा झाला. सातपुड्याकडून येणारे पाणी शंभराच्या आसपास कुंड्यांच्या रांगेतून शहराकडे नेले. तो बांधणाऱ्या इराणी जाणकाराचे नाव 'तब्कुतुल अर्ज' असे सांगतात. आता 'तबकातुल अर्ज' म्हणजे पृथ्वीचे थर. उर्दूत भूगर्भशास्त्रालाच हा शब्द आहे. मला तरी वाटते, माणसाचे नाव लोक विसरले आणि त्याच्या विद्येचे नाव त्याला चिकटले.

या विद्येला आजच्या अर्थाने शास्त्राचे रूप यायला १८५६ साल उजाडले. फ्रान्समध्ये दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या आंरी दार्सीने वाळूतून पाणी किती वेगाने जाते, याचा नियम मांडला. पण आपला खडक म्हणजे वाळू नव्हे. तो नियम इथे लावायचा तर आधी खडकातल्या भेगा कळायला हव्यात.

पुन्हा हैदराबादच! राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था तिथे १९६१ साली निघाली आणि १९९९ मध्ये भूजलासाठी भारत-फ्रान्स केंद्र सुरू झाले. शहराबाहेरचे महेश्वरम हे पाणलोट क्षेत्र त्यांनी अभ्यासाला घेतले. भारतीय आणि फ्रेंच संशोधकांनी तिथल्या विहिरी, बोअर आणि शेतांतले पंप वर्षानुवर्षे मोजले. त्यातून काय निघाले? ग्रॅनाइटमध्ये पाणी मुख्यतः वरच्या कुजलेल्या आणि भेगाळलेल्या थरात असते. त्याच्या खाली कितीही बोअर नेला तरी भेगा विरळ होत जातात. पाण्यासाठी कर्ज काढून शेकडो फूट खाली जाणाऱ्या शेतकऱ्याला हे वेळेवर कळले, तर त्याचे घर वाचू शकते.

मराठवाड्याचा खडक मात्र ग्रॅनाइट नाही, तो बहुतांशी बेसाल्ट आहे. लाव्ह्याचे थरावर थर. विहीर खोदणाऱ्यांचे शब्द ऐका : मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मध्येच तांबडा गेरू. मांजऱ्यात पाणी मुरते, काळा पाषाण बहुधा कोरडा. ओढ्याच्या अलीकडे विहिरीला पाणी आणि पलीकडे खडखडाट, असे का होते, याचे उत्तर महेश्वरमच्या कागदांत सापडायचे नाही. त्यासाठी इथेच कोणीतरी पीएच.डी. करायला हवी.

वाट अगदीच बंद नाही. भूशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांना सीएसआयआर-यूजीसीच्या नेट परीक्षेत पृथ्वीविज्ञानाचा पेपर आहे. त्यातून शिष्यवृत्ती मिळाली की हैदराबादची ही संस्था आहे, रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आहे, आपली विद्यापीठे आहेत. विषय तर पायाखालीच पडले आहेत. नहरीत आजही झिरपणारे पाणी नेमके कोणत्या टेकड्यांवरच्या पावसाचे? रस्ते आणि इमारतींच्या पायांनी तिचा मार्ग तुटला, तिथे ते पाणी आता कुठे जाते? सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांचे झरे उन्हाळ्यात केव्हा आटतात, आणि कशाने?

यातले बरेचसे काम यंत्रापेक्षा मुक्कामाचे आहे. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी सर्वसाधारणपणे वर्षातून चार वेळा मोजते : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. इतक्या विहिरींसाठी ते थोडे नाही. पण मार्च ते मे या मधल्या दिवसांत, टँकरचा पहिला अर्ज पंचायतीत जातो तेव्हा, विहिरीतले पाणी दर आठवड्याला किती उतरते, हे दोरी आणि वही घेऊन तिथेच राहणाऱ्या मुलालाच किंवा मुलीलाच लिहून ठेवता येईल.