ऐकणारा वाचक

माझ्या अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी शाळेतून आलो की ती म्हणायची, "बेटा, काल जिथे थांबलास तिथून पुढे वाच." ती भाकरी थापायची आणि मी उर्दू कादंबरी मोठ्याने वाचायचो. कंटाळून एखादं पान गाळलं तर तिच्या लगेच लक्षात यायचं. तरी शाळेच्या फॉर्मवर आईच्या शिक्षणापुढे 'निरक्षर' लिहिताना मला लाज वाटायची. ती लाज बी.एड. झाल्यावर 'आईन-ए-अकबरी' वाचताना गेली.

बादशहा अकबराला लिहिता-वाचता येत नव्हतं, असं त्याचा मुलगा जहांगीर स्वतःच्या आत्मचरित्रात सांगतो. मात्र विद्वानांशी बोलताना ते कुणाच्या ध्यानातही येत नसे, हेही तोच लिहितो. हे कसं साधलं? उत्तर अबुल फजलने दिलं आहे. जाणकार माणसं रोज बादशहापुढे ग्रंथ वाचत. अकबर प्रत्येक ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐके. वाचन जिथे थांबे, त्या पानावर तो स्वतःच्या कलमाने खूण करी, आणि जितकी पानं वाचून झाली त्या हिशेबाने वाचणाऱ्याला सोन्या-चांदीची नाणी देई. 'गुलिस्तां', 'शाहनामा', रूमींची 'मसनवी' असे ग्रंथ त्याने ऐकले होते. आवडलेलं पुस्तक पुन्हा ऐकायचा त्याला कंटाळा नसे. १५८२ च्या सुमारास महाभारताचा फारसी अनुवाद सुरू झाला, तेव्हा काही रात्री तो स्वतःच नकीब खानाला अर्थ समजावून सांगत होता, अशी नोंद बदायुनीने केली आहे.

पुस्तकांचं वेड त्या घराण्यातच होतं. आजोबा बाबराने आत्मचरित्र तुर्कीत लिहिलं. १५२६ मध्ये पंजाबात गाझी खानाचा किल्ला हाती आला, तेव्हा तो तिथल्या ग्रंथसंग्रहात शिरला. काही पुस्तकं त्याने हुमायूनला दिली, काही कामरानसाठी धाडली. हुमायून तर मोहिमेवरही पुस्तकं सोबत नेई. किपचाकच्या लढाईत त्याच्या पुस्तकांच्या पेट्या हरवल्या. पुढच्या एका लढाईनंतर मैदानात दोन बेवारस उंट दिसले. पेट्या उघडल्या, तर आत तीच पुस्तकं! १५५६ मध्ये ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडूनच त्याचा अंत झाला. अकबराच्या सांगण्यावरून आत्या गुलबदन बेगमने 'हुमायूननामा' लिहिला.

अशा घरातल्या अकबराला आपण वाचक म्हणायचं की निरक्षर? मला वाटतं, दोन्ही. अक्षरं न येणं ही उणीव होतीच. पण पुस्तकाची ओढ ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती कानातूनही लागते.

माझ्या वर्गात सहावीतला एक मुलगा जोडाक्षरांशी अडखळतो. मीच त्याच्या नावापुढे 'वाचनात कच्चा' असा शेरा मारला होता. पण मी वाचलेली गोष्ट तो दुसऱ्या दिवशी बारकाव्यांसह सांगतो. अक्षरं तर त्याला शिकवायचीच आहेत. बादशहासारखे पगारी वाचक त्याला कुठून मिळणार? तोवर शेवटच्या तासाला मी दहा मिनिटं मोठ्याने वाचतो. वाचन थांबलं की पेन्सिलीची खूण तो करतो. दुसऱ्या दिवशी पान शोधून देणाराही तोच असतो.