चौलचा पाऊस आणि मसूदीची नोंद

‘तुमचं मराठी फारच छान आहे हो!’ कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो की कुणीतरी प्रेमाने हे म्हणतेच. मीही सवयीने ‘तुमचंही छान आहे’ असे उत्तर देतो. पुढचा प्रश्न ठरलेला : ‘मूळचे कुठले तुम्ही?’ रबाळ्यात हा प्रश्न तसा सगळ्यांनाच विचारतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांनी इथे साताऱ्यापासून बिहारपर्यंतची माणसे आणून वसवली. आगरी-कोळी सोडले तर प्रत्येकाचे गाव दुसरीकडेच. पण आमच्या बाबतीत त्या प्रश्नाला एक निराळा सूर असतो. माझ्या अकरावीतल्या मुलीला तो कळू लागला होता. कॉलेजातून आल्यावर तिने एकदा सरळ विचारले, ‘अब्बा, आपण इथं कधी आलो?’

माझे पूर्वज देशावरचे. चौलशी आमचे काही नाते नाही. तरीही जुलैतल्या एका रविवारी मुलीला, बायकोला आणि अम्मीला गाडीत घालून मी चौलला निघालो. ‘एवढ्या पावसात कुणी किल्ले बघतं का?’ हे बायकोचे म्हणणे पनवेल, पेण, वडखळपर्यंत सुरू होते. अलिबाग ओलांडल्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या लागल्या तशी तीही खिडकीची काच खाली करून बघू लागली.

आजचे चौल म्हणजे वाड्या, देवळे, कौलारू घरे आणि मधूनच झाडीत बुडालेला एखादा पडका चौथरा. हे कधीकाळी पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते, यावर विश्वास बसणे कठीण. ग्रीक लेखकांना ते ‘सेमिल्ला’, ‘सिमुल्ला’ म्हणून ठाऊक होते. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ‘चेमुल’ येते. अरबांनी त्याचे ‘सैमूर’ केले. गावातला जुना हमामखाना आम्ही छत्र्या सावरत पाहिला. अम्मी म्हणाली, ‘एवढ्या लांब न्हाणीघर बघायला आणलंस होय?’

खरे तर मला तिथे नेऊन सांगायची होती ती मसूदीची गोष्ट. अल मसूदी हा बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार. हिजरी सन 304, म्हणजे इसवी सन 916च्या सुमारास तो सैमूरला आला. त्या वेळी दख्खनवर राष्ट्रकूटांचे राज्य होते आणि उत्तर कोकणात त्यांचे मांडलिक शिलाहार कारभार पाहत. मसूदी लिहितो की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कुणी सिराफचे, कुणी ओमान-बसऱ्याचे, कुणी बगदादचे. इथेच लग्ने करून स्थायिक झालेले. आणि त्यांतल्या काहींना ‘बयासिरा’ म्हणतात, म्हणजे हिंदभूमीतच जन्मलेले. पाहुण्यांची मुले इथली झाली, त्यांच्यासाठी एक शब्दही रुळला. हे सगळे महंमद घोरीच्या स्वारीच्या अडीच शतके आधीचे. शाळेच्या पुस्तकात आमचे येणे नेहमी घोड्यावरून, खैबरखिंडीतून होते. कोकणातले येणे जहाजातून, मालाच्या गोण्यांबरोबर झाले.

मसूदीने राजाचे नावही दिले आहे, ‘जंज’. हा शिलाहार राजा झंझ. शिलाहारांच्या ताम्रपटात त्याने शंकराची बारा देवळे बांधल्याचा उल्लेख आहे. हाच शिवभक्त राजा मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रतिष्ठित माणूस नेमत असे. त्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. मुळात फारसीतला हा हुनर; मराठीत आपण ‘हुन्नर’ म्हणतो आणि तो परका आहे हे आपल्या ध्यानातही राहत नाही. कवीला अशा शब्दांचा लळा असतो, म्हणून हे विषयांतर.

मसूदीनंतर दहाच वर्षांची गोष्ट. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला 1955 साली काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांपैकी शके 848, म्हणजे 926 सालच्या पटात संजाणच्या कारभाऱ्याचे नाव आहे ‘मधुमती’. हा ताजिक, म्हणजे अरब. मूळ नाव मोहम्मद. राष्ट्रकूटांनी त्याच्या हाती तो सारा मुलूख सोपवला होता. त्याने नदीवर फुकट तरी ठेवल्या, संजाणात वाटसरूंसाठी भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नछत्र घातले आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला जमीन मिळवून दिली. संस्कृत लिहिणाऱ्याने मोहम्मदचा मधुमती केला, यात त्याला काही वावगे वाटले नसावे.

हे सगळे ऐकून मुलगी म्हणाली, ‘म्हणजे तेव्हा सगळं गोडीगुलाबीचं होतं?’ तसे नव्हे. व्यापाऱ्याला बंदर हवे असते आणि राजाला जकात, त्यातून ही समजूत आलेली असते. पुढे याच किनाऱ्यावर पुष्कळ रक्त सांडले. 1508मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि दीवच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले. त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो इथेच पडला. तरी पोर्तुगीजांनी रेवदंड्यात पाय रोवलेच. 1570-71मध्ये मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला, पण त्याला तह करून परतावे लागले. या निजामशाहीचे मूळ पुरुष पाथरीचे कुलकर्णी होते, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न निजामशहाला कुणी विचारला असता, तर त्याला परभणीकडे बोट दाखवावे लागले असते!

पाऊस धो धो कोसळू लागला तेव्हा आम्ही रामेश्वराच्या देवळाच्या आडोशाला थांबलो. समोर पुष्करणी काठोकाठ भरलेली. या देवळात अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडे आहेत, आणि अवर्षण पडले की पर्जन्यकुंड उघडायचे, अशी श्रद्धा आहे. ‘आज कुणी चुकून उघडं ठेवलंय वाटतं,’ अम्मी म्हणाली.

अशाच पावसाने एका रशियन माणसाला अडकवले होते. अफानासी निकितिन हा त्वेर गावचा व्यापारी पंधराव्या शतकात एक घोडा विकायला म्हणून चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे त्याने आपल्या पावसाळ्याचे वर्णन केले आहे. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला, ‘आमच्या धर्मात ये, मग घोडा देतो’ म्हणाला. सोडवायला धावला तो खुरासानचा खोजा महंमद, तोही मुसलमानच. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात निकितिनचा स्मृतिस्तंभ आहे.

रेवदंडा, फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा उरलेला मनोरा, तटाची लांब भिंत, सगळे भिजत, धावत पाहिले. साळावचा पूल ओलांडून कोर्लईला पोहोचेपर्यंत चार वाजले. 1740मध्ये पोर्तुगीज हा प्रदेश मराठ्यांच्या स्वाधीन करून निघून गेले. मागे राहिली इथली ख्रिस्ती कुटुंबे आणि त्यांच्या तोंडची पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. आजही हजारभर माणसे ती घरात बोलतात.

किल्ल्याची वाट निसरडी झाली होती, चढलो नाही. रस्त्याकडेच्या टपरीत दोन बायका बोलत होत्या. मुलीने खूप कान दिला, तिला एक शब्द कळेना. तेवढ्यात त्यांतली एक वळून स्वच्छ मराठीत म्हणाली, ‘भिजलात की सगळी. आत या, चहा टाकते.’