साथीचा काळ आणि पाळणाघरे : न्यूयॉर्क (१९१८), स्वीडन (२०२०) व भारतातील अंगणवाडी – एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

साथीचा रोग पसरू लागला की शासनाचे लक्ष प्रथम गर्दीच्या ठिकाणांकडे जाते. नाट्यगृहे, बाजार, मंदिरे व शाळा बंद ठेवण्याचे आदेश निघतात आणि त्याच आदेशांत पाळणाघरे, बालवाड्या व अंगणवाड्या यांचाही समावेश होतो. परंतु या दोन प्रकारच्या संस्थांमध्ये मूलभूत फरक आहे. नाट्यगृह बंद झाले तर प्रेक्षक घरी बसतो. पाळणाघर बंद झाले तर दोन वर्षांच्या मुलाला एकटे घरी बसवता येत नाही. त्याच्याजवळ आईला, आजीला किंवा मोठ्या बहिणीला थांबावे लागते. म्हणजेच बालसंगोपनाचे काम बंद होत नाही, ते केवळ दुसऱ्या जागी व दुसऱ्या व्यक्तीकडे जाते. साथीच्या काळात ही केंद्रे चालू ठेवावीत की बंद, हा प्रश्न म्हणूनच केवळ संसर्गाचा नसून सामाजिक इतिहासाचाही आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) साथीच्या काळात मुलांच्या संस्था चालू ठेवण्यामागील युक्तिवादांचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२) हे निर्णय ज्या व्यवस्थांच्या आधारावर उभे होते, त्या व्यवस्था तपासणे.
३) भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील अंगणवाडी व पाळणाघर यांच्या संदर्भात या अनुभवांचा अर्थ लावणे.

न्यूयॉर्क, १९१८ : शाळा हेच तपासणी केंद्र

१९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट अमेरिकेत पसरली, तेव्हा बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क, शिकागो आणि न्यू हेवन ही शहरे याला अपवाद ठरली. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी शाळा चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. शहराच्या बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांचाही याच धोरणाकडे कल होता.

न्यूयॉर्कमधील सुमारे दहा लाख शालेय मुलांपैकी अंदाजे तीन-चतुर्थांश मुले चाळवजा, दाटीवाटीच्या इमारतींमध्ये राहत होती. अपुरा उजेड, कोंदट हवा आणि एका खोलीत अनेक माणसे अशी त्या घरांची स्थिती होती. अशा घरापेक्षा स्वच्छ व हवेशीर शाळा मुलांसाठी अधिक सुरक्षित आहे, असे कोपलँड यांचे प्रतिपादन होते. मुलांनी रस्त्यात वा अंगणात न रेंगाळता थेट वर्गात जावे, शिक्षकांनी रोज सकाळी प्रत्येक मुलाची पाहणी करावी, आजाराचे लक्षण दिसताच त्याला वेगळे करावे आणि आरोग्य खात्याने घरापर्यंत पाठपुरावा करावा, अशी व्यवस्था ठरविण्यात आली.

हा निर्णय अचानक सुचलेला नव्हता. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या बालआरोग्य विभागाने परिचारिका व शालेय वैद्यकीय तपासणी यांचे जाळे साथीपूर्वी दहा वर्षे उभारले होते. कामकरी मातांच्या तान्ह्या मुलांना प्रत्यक्षात थोरल्या बहिणी सांभाळतात, हे ओळखून डॉ. बेकर यांनी अशा शालेय मुलींना बालसंगोपनाचे शिक्षण देणारे गटही सुरू केले होते. मूल शाळेत नसेल तेव्हा कोठे असते, याची माहिती या विभागाला होती. शाळा उघडी ठेवण्याच्या निर्णयाला या माहितीचा भक्कम आधार होता.

तथापि या अनुभवावरून घाईने अनुमान काढणे योग्य नाही. न्यूयॉर्कमध्येही या साथीत वीस हजारांहून अधिक माणसे दगावली. पूर्व किनाऱ्यावरील अन्य मोठ्या शहरांच्या तुलनेत तेथील मृत्युदर कमी राहिला हे खरे. परंतु तेथे रुग्णांचे विलगीकरण आणि कामाच्या वेळांची विभागणी हे उपायही लवकर योजले गेले होते. अमेरिकेतील ४३ शहरांच्या नोंदी तपासणारा जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष असा की, ज्या शहरांनी शाळाबंदीसह अनेक उपाय लवकर व दीर्घकाळ योजले त्यांची हानी कमी झाली. न्यूयॉर्कचे यश खुल्या शाळांमुळे होते असे सिद्ध करता येत नाही. तपासणीची व्यवस्था असेल तर खुली शाळा हा विचारपूर्वक स्वीकारलेला पर्याय असू शकतो, एवढेच यातून म्हणता येते.

स्वीडन, २०२० : खुले दार आणि त्यामागील आधार

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत युरोपातील बहुसंख्य देशांनी शिशुकेंद्रे बंद केली. स्वीडनने उच्च माध्यमिक शाळा व विद्यापीठे यांचे अध्यापन दूरस्थ केले. मात्र एक वर्षापासूनच्या मुलांसाठी असलेल्या पूर्वप्राथमिक शाळा व नवव्या इयत्तेपर्यंतच्या शाळा चालू ठेवल्या. ही केंद्रे बंद झाल्यास रुग्णालयांतील परिचारिकांना स्वतःच्या मुलांसाठी घरी राहावे लागेल, किंवा मुले आजी-आजोबांकडे म्हणजे सर्वाधिक धोका असलेल्यांकडेच सोपवली जातील, अशी भीती होती.

या धोरणाच्या परिणामांची पुढे मोजणी झाली. जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, मार्च ते जून २०२० या काळात १ ते १६ वयोगटातील सुमारे साडेएकोणीस लाख मुलांपैकी १५ मुलांना कोविड वा तत्संबंधित आजारामुळे अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. कोविडमुळे एकाही मुलाचा मृत्यू नोंदला गेला नाही. पूर्वप्राथमिक शिक्षकांमधील गंभीर आजाराचे प्रमाण आरोग्यसेवा वगळता इतर व्यवसायांच्या जवळपास होते. परंतु दुसऱ्या एका अभ्यासात वेगळी बाजू पुढे आली. खुल्या राहिलेल्या वरच्या इयत्तांच्या शिक्षकांना, दूरस्थ अध्यापन करणाऱ्या शिक्षकांच्या तुलनेत संसर्गाचा धोका सुमारे दुप्पट होता. म्हणजे मुलांचे हित जपताना त्याची काही किंमत शिक्षकांनी मोजली.

स्वीडनचा निर्णय ज्या आधारावर उभा होता, तोही लक्षात घेतला पाहिजे. मूल आजारी पडल्यास पालकाला घरी राहून सुमारे ८० टक्के वेतनाइतका भत्ता मिळण्याची तरतूद तेथे पूर्वीपासून होती. आजारपणातील पहिल्या दिवसाच्या वेतनकपातीची भरपाईही मार्च २०२० मध्ये शासनाने स्वीकारली. सर्दी-खोकला असलेल्या मुलाला घरी ठेवणे त्यामुळे पालकांना परवडू शकत होते. ही तरतूद नसती तर खुले केंद्र आणि आजारी मूल यांची गाठ रोजच पडली असती. वृद्धांच्या निवासगृहांमध्ये स्वीडनला आलेले अपयश तेथील चौकशी आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये नोंदविले आहे. त्या अपयशाची चर्चा पूर्वप्राथमिक शाळांच्या प्रश्नात मिसळणे मात्र उचित नाही.

शेजारच्या डेन्मार्कने प्रथम सर्व केंद्रे बंद केली. निर्बंध शिथिल करताना १५ एप्रिल २०२० रोजी शिशुकेंद्रे व खालच्या इयत्ताच सर्वप्रथम उघडल्या. लहान गट, वारंवार हात धुणे आणि शक्य तितका वेळ मोकळ्या हवेत, या अटींवर ती चालली.

भारत : इमारत बंद, सेविका कामावर

भारतात हा प्रश्न मुख्यतः अंगणवाडीच्या रूपाने उभा राहतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्यांना मंजुरी मिळाली. पूरक आहार, लसीकरण, वजनाची नोंद व पूर्वप्राथमिक शिक्षण ही अंगणवाडीची कामे आहेत. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांचा आहार हा हक्क ठरला. मार्च २०२० मध्ये अंगणवाड्या बंद झाल्या तेव्हा एका गर्दीच्या जागेसोबत कायद्याने दिलेल्या ताटाचाही प्रश्न निर्माण झाला. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. केंद्रांत शिजवलेल्या अन्नाऐवजी घरपोच शिधा देण्याचा मार्ग राज्यांनी अवलंबला. परंतु घरी पोचलेला शिधा कुटुंबातील सर्वांमध्ये वाटला जातो, हे ग्रामीण व आदिवासी भागाची ओळख असणाऱ्यास सांगावे लागत नाही.

अंगणवाडी बंद असली तरी अंगणवाडी सेविका मात्र घरी नव्हती. शिधावाटपाबरोबरच घरोघर सर्वेक्षणाचे कामही तिच्याकडे आले. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम अशाच गृहभेटींवर आधारलेली होती. ज्या स्त्रीच्या खोलीत वीस मुलांनी बसणे धोक्याचे मानले गेले, तीच स्त्री दारोदार फिरत होती. तिच्या जोखमीचा विचार स्वीडनमधील शिक्षकांच्या जोखमीइतकाच आवश्यक ठरतो.

१३ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिबंधित क्षेत्रे वगळता अन्यत्र ३१ जानेवारीपर्यंत अंगणवाड्या उघडण्याचा आदेश दिला. केंद्रे न उघडायची असल्यास तो निर्णय राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निर्देशानेच व्हावा, असेही स्पष्ट केले. या निकालाचे महत्त्व असे की, त्यापुढे केंद्र उघडणे हा सामान्य नियम ठरला आणि बंद ठेवणाऱ्यावर कारण देण्याची जबाबदारी आली. लगेचच आलेल्या दुसऱ्या लाटेने ही कसोटी पुन्हा लावली.

शहरांतील घरगुती पाळणाघरांची स्थिती याहून वेगळी होती. मुंबई-पुण्यात अशी पाळणाघरे बहुधा एखाद्या गृहिणीच्या राहत्या घरात चालतात. अंगणवाडीसारखा शासकीय आहार, तपासणी वा मानधन यांचा आधार त्यांना नसतो. १९४८ च्या कारखाना कायद्यातील आणि २०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीतील पाळणाघराची तरतूद संघटित आस्थापनांपुरती होती. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे मूल या दोन्हींच्या बाहेरच राहत होते.

तुलनात्मक विवेचन

वरील तिन्ही उदाहरणांत रोगाचे स्वरूप सारखे नव्हते. १९१८ चा इन्फ्लुएन्झा पाच वर्षांखालील मुलांना व तरुणांना घातक होता, तर कोविडची झळ मुख्यतः वृद्धांना बसली. म्हणून एका साथीतील उत्तर दुसऱ्या साथीला जसेच्या तसे लागू करता येत नाही. समान आहे तो प्रश्न : केंद्राबाहेर मूल कोठे आणि कोणाजवळ असेल? न्यूयॉर्कने चाळीतील खोलीचा, स्वीडनने आजी-आजोबांचा आणि भारतीय न्यायालयाने मुलाच्या ताटाचा विचार केला.

निष्कर्ष

१) केंद्रे चालू ठेवण्याचा निर्णय हा रोगाचे स्वरूप, मुलांच्या घरांची स्थिती आणि केंद्रातील तपासणी या तिन्हींवर अवलंबून असतो.
२) ज्या केंद्रात आरोग्यतपासणी नाही व ज्या पालकाला पगारी रजा नाही, तेथे 'केंद्र खुले' ही घोषणा अपुरी ठरते.
३) सेविका व शिक्षिका यांचे संरक्षण हा निर्णयाचाच भाग असला पाहिजे. तो नंतर जोडण्याचा विषय नव्हे.
४) केंद्र बंद करणे अपरिहार्य झाल्यास त्याची मुदत व कारण जाहीर व्हावे आणि निर्बंध उठविताना लहान मुलांची केंद्रे प्रथम उघडावीत.

न्यूयॉर्कमध्ये परिचारिकांची व्यवस्था साथीपूर्वी दहा वर्षे उभी राहिली होती, तर स्वीडनमधील पालकांच्या रजेची तरतूदही जुनीच होती. साथ आल्यावर केंद्रे चालू ठेवता येतील की नाही, हे बऱ्याच अंशी साथ नसलेल्या वर्षांत ठरते. अंगणवाडीला पुरेशी जागा, पाणी आणि नियमित आरोग्यतपासणी देणे हीच पुढील साथीची खरी पूर्वतयारी होय.