भातुकलीतले गाव आणि खरे माहुल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२५ साली मुंबई महापालिकेने माहुलमधली ९,०९८ घरे आपल्या कर्मचाऱ्यांना विकायला काढली. किंमत प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपये. मुंबईत एवढ्या पैशांत घर मिळणे म्हणजे लॉटरीच म्हणायची. तरीही अर्ज करणारे फारच थोडे निघाले. घरासाठी जन्मभर पै-पै जोडणाऱ्या या शहरात असे का व्हावे? चेंबूरच्या बाजूला राहणाऱ्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. पण नकाशावर इमारती आखणाऱ्याला ते आधी कसे कळणार? लाखो माणसांच्या छोट्या-छोट्या निर्णयांतून शहराचे, शेताचे, नदीचे पुढे काय होईल, हे अजमावून पाहण्याची एक पद्धत गेल्या पन्नासेक वर्षांत घडत आली आहे. आज तिचीच गोष्ट सांगायची आहे.

इंग्रजीत तिला ‘एजंट-बेस्ड सिम्युलेशन’ म्हणतात. इथला एजंट म्हणजे विम्याचा किंवा जागेचा दलाल नव्हे. एजंट म्हणजे ठरलेल्या नियमांनुसार, पण आपापल्या परिस्थितीप्रमाणे वागणारे पात्र. लहानपणी आपण भातुकली खेळलो, तशी ही संगणकातली भातुकली. हजारो पात्रे तयार करायची, प्रत्येकाला घर, काम आणि सवयी द्यायच्या आणि दिवसामागून दिवस जाऊ द्यायचे. सर्वांची एक सरासरी काढून मोकळे व्हायचे नाही. प्रत्येकाला आपापले वागू द्यायचे आणि शेवटी गावाचे काय झाले ते पाहायचे.

या खेळाची सुरुवात गाजली ती संगणकाशिवायच. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी मांडली. नियम साधा होता : शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्यासारखे नसतील, तर नाण्याने उठून दुसऱ्या मोकळ्या घरात जायचे. कोणत्याच नाण्याला दुसऱ्याचा द्वेष नव्हता, तरी काही फेऱ्यांत पट दोन वेगळ्या वस्त्यांत विभागला गेला. १९७१ मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडले. कोणाच्याही मनात नसलेली गोष्ट सर्वांच्या वागण्यातून मिळून घडते, हा त्याचा धडा. शेलिंग यांना २००५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

माणूस आणि निसर्ग यांचे नाते या पद्धतीने उलगडले ते इंडोनेशियातल्या बाली बेटावर. तिथे भातशेतीचे पाणी ‘सुबक’ नावाच्या शेतकऱ्यांच्या मंडळांतून वाटले जाते. पेरणी केव्हा आणि शेत पडीक केव्हा ठेवायचे, हे पाण्याच्या मंदिरांत ठरते. १९७० च्या दशकात हरित क्रांती आली. सरकारने सांगितले, मंदिराचे वेळापत्रक सोडा, जमेल तितकी पिके घ्या. थोड्याच वर्षांत पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि किडींनी शेते फस्त केली.

स्टीफन लान्सिंग आणि जेम्स क्रेमर यांनी दोन नद्यांवरची १७२ सुबके संगणकात उतरवली. सगळ्यांनी एकदम पेरले तर पाणी पुरत नाही. प्रत्येकाने हवे तेव्हा पेरले तर किडीला बारमाही खाणे मिळते. शेजारपाजारच्या शेतांनी मिळून एकाच वेळी शेत पडीक ठेवले तर कीड उपाशी मरते. लान्सिंग-क्रेमर यांनी संगणकातल्या सुबकांना एवढेच सांगितले, की ज्या शेजाऱ्याचे पीक सर्वांत चांगले, त्याचे वेळापत्रक उचला. काही हंगामांत जे जाळे विणले गेले, ते मंदिरांच्या जुन्या जाळ्याशी मिळतेजुळते होते. त्यांचा हा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांनी भोळी समजूत म्हणून बाजूला सारलेली गोष्ट शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखून घेतलेली होती.

हीच पद्धत मुंबईतही आली, ती महासाथीच्या काळात. २०२० मध्ये कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या संशोधकांनी संगणकात सुमारे १ कोटी २४ लाख माणसांची मुंबई उभी केली. प्रत्येकाला घर होते, शाळा किंवा कामाची जागा होती, लोकलचा प्रवास होता. झोपडपट्टी आणि इतर वस्ती त्यांनी वेगळी धरली होती. हे का गरजेचे होते, ते त्याच वर्षी जुलैमधल्या रक्तचाचण्यांनी दाखवले. तीन विभागांत मिळून झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतल्या १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. माहुल ज्यात येते, तो एम-पश्चिम विभाग या तिघांपैकी एक. सरासरी काढली असती, तर एवढी मोठी तफावत दिसलीच नसती. पुढे २०२१ मध्ये विषाणू नवे रूप घेऊन आला, तेव्हा नियमही पुन्हा तपासावे लागले. खेळात जे घातलेले नसते, ते खेळातून बाहेर येत नाही.

हे लक्षात ठेवून आता माहुलकडे वळू. हे मूळचे खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. १९५० च्या दशकात शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, मागाहून खतांचा कारखाना आणि रसायनांच्या टाक्या आल्या. २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाने परिसराची पाहणी केली, तेव्हा ६७.१ टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही इथल्या हवेमुळे आरोग्याला धोका असल्याचे नोंदवले. तरीही २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून हजारो कुटुंबांना इथल्या सात मजली इमारतींत पाठवले गेले. २०१८ च्या अखेरीस यांतली अनेक कुटुंबे परत येऊन विद्याविहारच्या पदपथावर धरणे धरून बसली. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले, की विस्थापितांना माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे.

शेलिंग यांचे नाणे नाखूश झाले की स्वतः उठून जाते. माहुलच्या माणसाला उठता येत नव्हते. त्याला कोणीतरी उचलून ठेवले होते. म्हणून माहुलचा खेळ मांडायचा, तर प्रत्येक पात्राला पाकीट हवे, कामावर जाण्याचे अंतर हवे, फुप्फुसे हवीत. ज्याला निवडच नाही असे पात्रही हवे. हे नियम वातानुकूलित खोलीत बसून सुचत नाहीत. फ्रेंच संशोधकांनी १९९० च्या दशकापासून एक रीत पाडली आहे. आधी गावकऱ्यांनाच बसवून भूमिका करायला लावायच्या, त्यांनी चुका दाखवल्या की मग संगणकात नियम लिहायचे.

२०२५ मध्ये निवड करण्याची मोकळीक असलेल्या बहुतेक कर्मचाऱ्यांनी माहुलकडे पाठ फिरवली. पदपथावर बसलेल्या कुटुंबांनी तेच उत्तर सात वर्षे आधी दिले होते. त्यासाठी संगणकाची गरज नव्हती. पुढची वसाहत आखताना मात्र भातुकली जरूर मांडावी, आणि पहिला डाव तिथे राहायला जाणाऱ्यांच्या हाती द्यावा.