तार एकच, परवानगी वेगळी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ‘खुले’ हा शब्द मात्र जपूनच वापरावा लागतो.

२५० तासांसाठी व्यक्तीला ५,००० रुपये, व्यापारी संस्थेला २५,००० रुपये. शिवाय पैसे भरले की सारेच मिळे, असेही नव्हते. घरचा मोडेम निगमाच्या सर्व्हरला फोन लावी. सर्व्हर नाव आणि पासवर्ड तपासून त्या नावापुढची नोंद पाही. नोंद ‘शेल’ असेल, तर ग्राहक निगमाच्याच युनिक्स यंत्रावर काळ्या पडद्यासमोर येऊन थांबे: ईमेल आणि लिंक्स ब्राउझरमधली नुसती अक्षरे. नोंद ‘टीसीपी-आयपी’ असेल, तर त्याचा स्वतःचा संगणकच जाळ्याचा भाग होई आणि चित्रे उघडत. तार तीच, मोडेमही तोच.

विद्यार्थ्यांच्या वाट्याला स्वस्त शेल खाते आले. शेलमधूनच पूर्ण जोडणी साधणारे स्लर्पसारखे प्रोग्रॅम तेव्हा जगभर फिरत होते; मुंबईच्या महाविद्यालयांत ते न पोहोचते तरच नवल.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना सेवेची मुभा मिळाली. तोवर मुंबईतील सामान्य ग्राहकाला काय दिसावे, हे एकाच सरकारी कंपनीच्या सर्व्हरवरील ती नोंद ठरवीत होती.