पट लहान, आठवडा भरगच्च : खेड्यातल्या ल्युथरन शाळेचं वर्ष कसं चालतं?

एका खोलीत पहिली, दुसरी, तिसरीची मुलं. शेजारच्या खोलीत चौथी-पाचवी. वरचे वर्ग मुख्याध्यापक स्वतःच शिकवतात आणि ऑफिसचा फोन वाजला तर उचलायलाही तेच धावतात. वाचून वाटेल, ही आपल्याच तालुक्यातली एखादी वस्तीशाळा. पण ही शाळा आहे अमेरिकेच्या मधल्या भागातली. मिसुरी, नेब्रास्का, विस्कॉन्सिन या राज्यांत मका आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये अशा कितीतरी शाळा आहेत. शेजारी चर्च, मागं दफनभूमी, पुढं खेळायचं मैदान.

या शाळा ल्युथरन पंथाच्या स्थानिक मंडळी, म्हणजे त्या-त्या गावच्या चर्चचे सभासद, चालवतात. पटसंख्या घटली की शाळा राहणार की जाणार, हा प्रश्न तिथंही दरवर्षी उभा राहतो. म्हणूनच त्यांचा आठवडा आणि पुढच्या कार्यक्रमांची यादी समजून घेण्यासारखी आहे.

ल्युथरन म्हणजे कोण?

मार्टिन ल्युथर हे जर्मनीतले धर्मसुधारक. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्यांनी विटेनबर्ग इथं ९५ मुद्दे मांडले आणि युरोपातल्या धर्मसुधारणेला तोंड फुटलं. ल्युथर नुसतं चर्चपुरतं बोलून थांबले नाहीत. १५२४ मध्ये त्यांनी जर्मन शहरांच्या कारभाऱ्यांना जाहीर पत्र लिहिलं, त्याचा विषयच शाळा काढा हा होता. मुलांबरोबर मुलींनाही शिकवा, असं त्यात सांगितलं होतं. १५२९ मध्ये त्यांची छोटी प्रश्नोत्तरावली आली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार आणि प्रभुभोजन असे तिचे सहा भाग. हे पुस्तक ल्युथरन शाळेत आजही रोज उघडलं जातं.

चर्चबरोबरच शाळा

नोव्हेंबर १८३८ मध्ये जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातले सहाशेहून जास्त ल्युथरन पाच जहाजांतून अमेरिकेला निघाले. त्यातलं एक जहाज समुद्रातच नाहीसं झालं. उरलेले लोक १८३९ च्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सला उतरले. त्यातले बरेच जण पुढं मिसुरीतल्या पेरी काउंटीत स्थायिक झाले. आजार आणि पैशाची चणचण होतीच, वर पुढाऱ्यालाच गैरवर्तनाच्या आरोपावरून दूर करावं लागलं. तरीही त्याच वर्षी ९ डिसेंबरला अल्टेनबर्गजवळ ओंडक्यांच्या झोपडीत त्यांनी शाळा सुरू केली. तिचंच पुढं सेंट लुईसमधलं कॉन्कॉर्डिया सेमिनरी झालं.

१८४७ मध्ये शिकागोला मंडळ्यांचा संघ स्थापन झाला. तोच आज ल्युथरन चर्च-मिसुरी सिनॉड या नावानं ओळखला जातो. सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर हे त्याचे पहिले अध्यक्ष. सभासद व्हायचं तर मंडळीनं मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणाची सोय केली पाहिजे, ही अट पहिल्या घटनेतच होती. त्यामुळं पाळक आणि मास्तर अशी जोडी गावोगाव दिसू लागली. पाळकच मास्तर, असंही बऱ्याच ठिकाणी होतं.

सोमवार ते शुक्रवार

दिवस सुरू होतो प्रार्थनेनं आणि राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेनं. आपल्याकडच्या परिपाठासारखंच समजा. सोमवारी काही शाळांत हजेरीच्या वेळीच विचारतात, काल चर्चला कोण कोण आलं होतं? पहिला तास बहुतेक ठिकाणी धर्मशिक्षणाचा. मग वाचन, गणित, विज्ञान, समाजशास्त्र हे नेहमीचे विषय.

एका खोलीत दोन-तीन इयत्ता असल्यानं बाईंना कसरत करावी लागते. एका इयत्तेला फळ्यावर गणित समजावताना दुसरी इयत्ता लेखी काम करते. गणित आणि वाचन इयत्तेनुसार वेगळं. विज्ञान, समाजशास्त्र आणि धर्मशिक्षण मात्र एकत्र घेतात. यंदा एका इयत्तेचा भाग, पुढल्या वर्षी दुसऱ्या इयत्तेचा, असं दोन वर्षांचं चक्र लावलं की सगळ्यांचा अभ्यास पूर्ण होतो. लहान मुलांच्या कानावर मोठ्यांचा धडा आधीच पडतो, हा फायदा. शिक्षकाला रोज दुप्पट तयारी लागते, हा तोटा.

आठवड्याच्या मधोमध, बऱ्याच ठिकाणी बुधवारी, चॅपल असतं. सगळी शाळा चर्चमध्ये जमते. मोठ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाकडं एक लहान मूल सोपवलेलं असतं. त्याचा हात धरून न्यायचं, शेजारी बसवायचं, गीताचं पान काढून द्यायचं. पाळक दहा-पंधरा मिनिटं बोलतात. मागच्या बाकांवर आजी-आजोबा बसलेले असतात, कारण या वेळी चर्चचं दार गावालाही उघडं असतं. शेवटी मुलं घरून आणलेली नाणी दानाच्या थाळीत टाकतात. ते पैसे आधी ठरवलेल्या कामाला जातात. कधी पूरग्रस्तांना, कधी परदेशातल्या एखाद्या शाळेला.

पाठांतराला या शाळांत फार महत्त्व. बायबलमधलं वचन, प्रश्नोत्तरावलीतला एखादा भाग, गीताचं एक कडवं. आठवडाभर घोकायचं आणि ठरल्या दिवशी शिक्षकासमोर म्हणून दाखवायचं. ही तयारी आईबाप घरी करून घेतात. स्वयंपाक करता करता मुलाचं पाठांतर ऐकणारी आई तिथंही असतेच.

शुक्रवारचं पत्रक

शुक्रवारी स्पेलिंगची चाचणी होते आणि मुलांच्या दप्तरातून एक फोल्डर घरी जातं. त्यात तपासलेले पेपर असतात आणि शाळेचं साप्ताहिक पत्रक. आता बऱ्याच ठिकाणी ते मोबाइलवर येतं, पण मजकूर तोच. पुढच्या आठवड्यात जेवणाला काय, वाढदिवस कुणाचा, चॅपलमध्ये वाचन कोणता वर्ग करणार, सामन्याला मुलांना न्यायला कुणाची गाडी आहे, रविवारच्या उपासनेत कोणते वर्ग गाणार. हिवाळ्यात आणखी एक सूचना ठरलेली : रात्री बर्फ पडला तर सकाळी निरोप बघूनच मुलांना घराबाहेर काढा.

पत्रकाच्या तळाशी मदतीची हाक असते. रंगकामाला दोन माणसं हवीत, भांडी घासायला तिघं. ही हाक नुसती रीत म्हणून दिलेली नसते. शिपाई, माळी, ड्रायव्हर ठेवायला पैसे नसतात. पालक आले तरच ती कामं होतात.

पुढचे कार्यक्रम : महिन्यांप्रमाणे

*ऑगस्ट-सप्टेंबर :* शाळा भरायच्या सुमाराला रविवारच्या उपासनेत नव्या शिक्षकांची रीतसर नेमणूक होते. शिक्षक इथं अर्ज करून मिळतोच असं नाही. मंडळी सभेत मतदान करून एखाद्या शिक्षकाला बोलावणं पाठवते. तो विचार करून होकार किंवा नकार कळवतो. नकार आला की पुन्हा सभा. नेब्रास्कात सिवर्ड इथं १८९४ पासून अशा शिक्षकांना घडवणारी संस्था आहे. याच काळात व्हॉलीबॉलचे सामने सुरू होतात. संघापुरतीही मुलं नसली तर शेजारच्या दोन शाळा मिळून एक संघ करतात.

*ऑक्टोबर-नोव्हेंबर :* ३१ ऑक्टोबर हा धर्मसुधारणा दिन. त्या सुमारास मुलं ल्युथरची गोष्ट सादर करतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. त्याआधी डबाबंद अन्न गोळा करून गरजूंना देतात. काही ठिकाणी याच दिवसांत आजी-आजोबांना शाळेत बोलावतात.

*डिसेंबर :* नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. मुलांची खरी परीक्षा २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. येशूजन्माची कथा मुलांनीच पाठ म्हणायची आणि गाणी गायची. अख्खं गाव हजर. घरी जाताना प्रत्येक मुलाच्या हातात शेंगदाणे, संत्रं आणि गोळ्यांची कागदी पिशवी देण्याची जुनी रीत कितीतरी मंडळ्यांनी टिकवली आहे.

*जानेवारी :* महिन्याच्या शेवटी राष्ट्रीय ल्युथरन शाळा सप्ताह. रोज वेगळा पोशाख, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी सामना, पालकांसाठी खुले वर्ग. मजा असते, पण पोटात धाकधूक. कारण पुढच्या वर्षाची नावनोंदणी याच सुमारास सुरू होते.

*फेब्रुवारी ते एप्रिल :* बास्केटबॉलच्या स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन आणि शाळेसाठी लिलाव. गावातल्या बायकांनी शिवलेली गोधडी, कुणाच्या हातचे पाय, शेतकऱ्यानं दिलेलं अर्धं डुक्कर, वर्गातल्या मुलांनी मिळून केलेलं चित्र, सगळ्याला बोली लागते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात बुधवारी संध्याकाळी उपासना आणि त्याआधी सूप-भाकरीचं साधं जेवण. वाढायला मोठी मुलं.

*एप्रिल-मे :* आठवीच्या मुलांचं दृढीकरण. आजवर पाठ केलेल्या प्रश्नोत्तरावलीवर पाळक प्रश्न विचारतात. जुन्या रीतीनं ही परीक्षा सगळ्या मंडळीसमोर होते. मग मैदानी खेळांचा दिवस आणि आठवीचा निरोप समारंभ. बहुतेक लहान शाळा आठवीपर्यंतच असतात. नववीला मूल सरकारी हायस्कूलमध्ये किंवा दूरच्या ल्युथरन हायस्कूलला जातं.

एका खेड्यातल्या शाळेचा मोठा खटला

या शाळांत बराच काळ जर्मन चालायची. विस्कॉन्सिननं १८८९ मध्ये बेनेट कायदा करून इंग्रजीची सक्ती केली. ल्युथरन आणि कॅथलिक दोघंही चिडले. पुढच्या निवडणुकीत सत्ता पालटली आणि १८९१ मध्ये कायदा रद्द झाला.

पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेवरच संशय आला. नेब्रास्कानं १९१९ मध्ये आठवी पूर्ण होण्याआधी परकी भाषा शिकवायला बंदी केली. हॅम्प्टन गावाजवळच्या झायन ल्युथरन शाळेत रॉबर्ट मेयर नावाचे शिक्षक होते. २५ मे १९२० रोजी ते दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन वाचन शिकवत होते. त्यावरून त्यांना २५ डॉलर दंड झाला. मेयर यांनी दंड मुकाट्यानं मान्य केला नाही. प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यांची बाजू मांडणारे वकील आर्थर मलन हे स्वतः कॅथलिक होते. ४ जून १९२३ रोजी सात विरुद्ध दोन अशा बहुमतानं निकाल मेयर यांच्या बाजूनं लागला. मूल काय शिकणार यात आईबापाचाही हक्क आहे आणि शिकवणं हा शिक्षकाचा हक्क आहे, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं. अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला अभ्यासतात. सुरुवात मात्र एका खेड्यातल्या वर्गात झाली होती.

गंमत अशी की कोर्टात जिंकूनही जर्मन टिकली नाही. पुढच्या पिढ्यांनी आपणहून इंग्रजी धरली. शाळा मात्र राहिल्या.

आपल्या जवळचा धागा

ल्युथरन शाळा भारताला नव्या नाहीत. १७०६ मध्ये झीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ हे दोन जर्मन मिशनरी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरले आणि लवकरच त्यांनी तिथं शाळा काढल्या. मिसुरी सिनॉडचे मिशनरी १८९५ मध्ये तमिळनाडूत कृष्णगिरीला आले. आपल्या विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या छिंदवाडा आणि बैतूल भागात स्वीडनच्या ल्युथरन मिशननं काम केलं. तिथल्या ल्युथरन चर्चचं मुख्यालय आजही छिंदवाड्यात आहे. या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत.

शाळा राहते कशी, जाते कशी?

पैशाचा हिशोब साधा आहे. थोडी फी, थोडा लिलाव आणि देणग्या, बाकीचा भार मंडळीच्या दानावर. सभासदांच्या मुलांना फी कमी, बाहेरच्यांना जास्त. काही राज्यांत सरकार व्हाउचरनं फी भरतं. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात ही योजना १९९० मध्ये सुरू झाली आणि १९९८ पासून धार्मिक शाळाही तिच्यात आल्या.

तरी खेड्यांची अडचण वेगळी. यंत्रं आली, शेतं मोठी झाली, शेतकरी कुटुंबं कमी झाली. तरुण शहराकडं गेले. घरटी मुलंही कमी. सरकारी शाळा मोफत आहे. अशा वेळी दोन कुटुंबांनी गाव सोडलं तरी एक इयत्ता रिकामी पडते. मग कुणी शेजारच्या मंडळीबरोबर शाळा जोडतं, कुणी चर्चचा सभासद नसलेल्या घरांसाठी दार उघडतं, कुणी आधी बालवाडी सुरू करून मुलं तिथूनच शाळेत येतील असं बघतं. काही शाळा बंदही होतात.

हा निर्णय मात्र वरच्या कार्यालयातून येत नाही. मंडळीची सभा भरते, आपल्या ग्रामसभेसारखीच. खर्चाचा कागद वाटला जातो. पन्नास वर्षांपूर्वी त्याच शाळेत शिकलेले म्हातारे बसलेले असतात आणि पहिलीत मूल घालायचं की नाही या विचारातले तरुण आईबापही. छपराची दुरुस्ती, शिक्षकाचा पगार, पुढच्या वर्षीचा पट, सगळ्यावर बोलणं होतं. मग मतदान. शाळा चालू ठेवायचं ठरलं, तर शुक्रवारच्या पत्रकात ऑगस्टची तारीख येते आणि खाली नेहमीची हाक : रंगकामाला दोन माणसं हवीत.