करवती काठ: कोसा आणि सुताच्या सांध्याचा मागोवा

करवती साडी घ्यायची तर आधी ती उलटी करून बघावी. पदर, नक्षी, रंग हे सगळं नंतर. काठ आणि अंग जिथं जुळतात ती रेघ मागून कशी दिसते, यावर विणकराचा हात कळतो. मोहाडी, आंधळगाव, पवनी आणि खुद्द भंडारा इथल्या कोष्ट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या कसबावर नाव राखलं, ते या रेघेत आहे.

अंगाचा धागा, म्हणजे कोसा किंवा टसर रेशीम, येतो जंगलातून. तुतीचा रेशीमकिडा घरात पाळतात. टसरचा किडा मात्र ऐन-अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढतो. विदर्भात हे काम मुख्यतः ढिवर समाजाचं. पावसाळ्यात अळ्या झाडांवर सोडायच्या आणि कोसे बांधले जाईपर्यंत पाखरं-मुंग्यांपासून त्यांची राखण करायची. कोसा देठानिशी फांदीला घट्ट चिकटलेला असतो आणि त्याचं कवच इतकं टणक, की खाराच्या पाण्यात शिजवल्याशिवाय धागा सुटत नाही. सुटलेला धागा बायका उघड्या मांडीवर वळत. कातडी सोलवटून निघे, आणि तरीही या श्रमाचा हिशेब साडीच्या किमतीत फारसा कुणी धरला नाही. केंद्रीय रेशीम मंडळाचं ‘बुनियाद’ हे यंत्र आल्यावर मांडीवरची ही वळणी सुटू लागली. फार उशिरा झालेली गोष्ट आहे ती.

कोशाच्या कापडाला गिऱ्हाईक मिळालं ते सोवळ्यामुळे. सुती वस्त्र दर वेळी धुऊन, कुणाचा स्पर्श न होता वाळवावं लागे. रेशमाला ती अट नव्हती. पूजेला, जेवायला बसताना नेसायचा मुकटा घरोघरी लागे. दुसरीकडे नागपूर, उमरेड, पवनी या पट्ट्यात रेशीमकाठी धोतरं-लुगडी विणली जात: अंग सुताचं, रेशीम फक्त काठाला, कारण महागाचा माल जिथं दिसेल तिथंच वापरायचा. आजच्या करवतीत हे उलटं झालेलं दिसतं. अंग कोशाचं, काठ सुताचा. माल बदलला, पण काठ आणि अंग वेगवेगळ्या धाग्यांचे ठेवून ते विणतानाच जोडायचे, ही विद्या तीच राहिली.

ती विद्या तीन धोट्यांची आहे. साध्या मागावर एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, म्हणून काठाचा ताणा लाल असला तरी बाणा अंगाचाच पडतो आणि लाल रंग फिका होतो. करवतीत दोन्ही काठांना स्वतंत्र धोटा आणि मधल्या अंगाला तिसरा. काठाचा धोटा सांध्यापर्यंत येतो, अंगाच्या बाण्यात अडकतो आणि मागे फिरतो. प्रत्येक ओळीला हे दोन्हीकडे करायचं. हा सांधा एका सरळ रेषेत न ठेवता पायरीपायरीनं आत-बाहेर सरकवला, की करवतीसारखे दात उमटतात. काठाचा ताणाही काठाच्याच रंगाचा, म्हणून रंग दोन्ही बाजूंनी सारखा भरीव दिसतो. यात एक अडचण मुरलेली आहे. कोसा आणि सूत सारखे ताणले जात नाहीत, त्यामुळे दोघांचा ताण मागावर वेगवेगळा सांभाळावा लागतो. तो चुकला तर कापड मागावर सपाट दिसतं आणि पहिल्या धुण्यात काठ चुण्या धरतो.

जोडणीची ही युक्ती एकट्या विदर्भाची नाही. पैठणीच्या पदरात तीच आहे, कांचीपुरमच्या काठातही. मागाबाहेर, सुयांवरच्या विणीतही ती भेटते: स्कॉटलंडमध्ये पुरुष किल्टखाली घालतात ते गुडघ्यापर्यंतचे मोजे पूर्वी चौकडीच्या कापडातून तिरपे कापून शिवत. पुढे ते सुयांवर चौकटी-चौकटीनं विणले जाऊ लागले. रंग बदलतो तिथं दोन्ही धागे मागून एकमेकांत पिळावे लागतात, नाहीतर भोक राहतं. तिथला जाणकारही मोजा उलटा करूनच बघतो.

1 जानेवारी 1877 ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि साध्या सुती कापडाचा बाजार कोष्ट्यांच्या हातून निसटत गेला. काठ मात्र गिरणीच्या मागाला जमेना; तिचा धोटा अख्ख्या पन्ह्यातूनच धावणार. माझ्या मते करवती टिकली ती परंपरेच्या प्रेमानं नव्हे, तर या तांत्रिक अडसरामुळे. गंमत अशी, की आज काठाला चमक देणारं मर्सराइज्ड सूत हे गिरणीच्याच जगातलं. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञानं 1850 मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. सूत ताणून धरून ही प्रक्रिया केली की रेशमासारखी झळाळी येते, हे 1890 मध्ये होरेस लोनं दाखवलं.

आता यंत्रमागावर करवतीची नक्कल निघते, कधी दात नुसते छापलेले असतात. ओळखणं अवघड नाही. उलट बाजूनं काठाचा रंग फिका पडला किंवा सांध्याजवळ कापलेल्या धाग्यांची लव लोंबली, तर तीन धोट्यांचं काम नाही. साडी उजेडासमोर धरावी: सांध्यात फटी दिसता कामा नयेत. बोट फिरवल्यावर बारीक उंचवटा लागेल, तो चालतो. जाड दोरीसारखं लागलं तर हात कच्चा. दोन्ही अंगठ्यांनी कापड थोडं ताणावं. धागे सरकले तर विणकाम विरळ आहे आणि खळ चढवून ते झाकलंय.

अंगातल्या गाठी-खरबरीतपणाला मात्र दोष देऊ नये. अखंड कोशातून काढलेला धागा त्यातल्या त्यात गुळगुळीत, फुटक्या कोशांतून ओढलेला घिच्चा ओबडधोबड. दोन्ही अस्सल, फक्त पोत वेगळा आणि भावही वेगळा. उलट अगदी एकसारखा, निर्दोष ताणा दिसला तर विचारावं. देशभरात टसरच्या ताण्याला चीनकडचा धागा सर्रास वापरतात, कारण तो तुटत नाही. तो रेशीमच असतो, पण ऐनावरचा नाही. पॉलिस्टरचा संशय आला तर सुटा धागा जाळावा: रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

‘करवत काठी’ला भौगोलिक मानांकन मिळालंय, हातमागाची आणि रेशमाची सरकारी चिन्हंही आहेत. ती बघावीतच. पण चिन्ह धागा आणि माग सांगतं, सांधा कसा बसलाय ते नाही. आणि मजुरी तर त्या सांध्याचीच असते. मधलं अंग भराभर पुढे जातं, वेळ खातात ते दोन काठ. म्हणून दुकानात दोन करवतींच्या भावात फरक दिसला, तर नक्षीआधी दात मोजावेत. बारीक, एकसारखे आणि दाट दात असलेली साडी महाग असणं रास्तच आहे, आणि तिथं घासाघीस केली तर ती मागावर बसलेल्या माणसाच्या दिवसांतून कापली जाते.